‘ब्लू बॉय’समोर लोक अजून का थांबतात?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेला असताना आपण सान मरिनो येथील हंटिंग्टन संग्रहालयात टॉमस गेन्सबरो या अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकाराचे ‘द ब्लू बॉय’ हे चित्र पाहिले. चित्रासमोर माणसे थांबत होती, फोटो काढत होती. आपल्याला मात्र निळ्या रेशमी पोशाखात नटून उभा राहिलेला एक सुखवस्तू मुलगा दिसला, त्यापलीकडे काही नाही. अडीचशे वर्षे लोक यात काय पाहत आले, की ही नुसती किमतीची आणि नावाची हवा आहे, असे आपण विचारले आहे. आणि मुलगी त्याची मोठी छापील प्रत दिवाणखान्यात लावायची म्हणते आहे, ती घ्यावी का, असेही जाता जाता विचारले आहे.

मी व्यवसायाने व्यक्तिचित्रकार आहे. संस्थांचे संस्थापक, निवृत्त होणारे प्राचार्य, घराण्यातले वडीलधारे यांची तैलचित्रे रंगवणे हे माझे रोजचे काम, त्यामुळे माझे उत्तर कलेच्या इतिहासकाराचे नसून इझलसमोर उभे राहणाऱ्याचे आहे, हे आधी सांगून ठेवतो. आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न गुंतलेले आहेत. चित्र प्रसिद्ध कशामुळे झाले हा एक, आणि प्रसिद्धीचा गाजावाजा ओसरल्यावरही ते नजरेला धरून का ठेवते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वर्तमानपत्रांत सापडते, दुसऱ्याचे कॅनव्हासवर शोधावे लागते.

पहिले चटकन संपवतो. हवा आहे, आणि ती मोठी आहे. १९२१ साली ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या संग्रहातले हे चित्र जोसेफ ड्यूव्हीन या बड्या चित्रविक्रेत्याने हेन्री हंटिंग्टन या अमेरिकन रेल्वे-उद्योजकाला ७,२८,८०० डॉलरला विकून दिले. एका चित्राला एवढे पैसे, ही त्या काळी डोळे विस्फारायला लावणारी बातमी होती. महायुद्धाने खचलेल्या इंग्लंडला आपल्या घरातले काहीतरी परदेशी पैशाने उचलून नेल्यासारखे वाटले. चित्र रवाना होण्यापूर्वी, जानेवारी १९२२ मध्ये, लंडनच्या नॅशनल गॅलरीत तीन आठवडे ठेवले, तेव्हा सुमारे ९०,००० लोकांनी रांगा लावून त्याचा निरोप घेतला. गॅलरीचे संचालक चार्ल्स होम्स यांनी तर चित्राच्या मागच्या बाजूला ‘पुन्हा भेटू’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द लिहून ठेवले. बरोबर शंभर वर्षांनी, २५ जानेवारी २०२२ रोजी, ते त्याच गॅलरीत काही महिन्यांसाठी परत आले. असे नाट्य वाट्याला आलेले चित्र प्रसिद्ध होणारच. तरीही हे लक्षात घ्यावे की विक्रीमुळे लोक चित्राकडे वळले, असे झालेले नाही. १८५७ साली मँचेस्टरला भरलेल्या प्रचंड कलाप्रदर्शनात ते मांडले गेले होते, त्याच्या छापील प्रती घराघरांत पोचल्या होत्या. लोकांचा जीव आधीच जडलेला होता म्हणून ड्यूव्हीनला तेवढी किंमत मागता आली. ड्यूव्हीन हा अत्यंत धूर्त व्यापारी होता आणि न खपणाऱ्या मालावर त्याने वेळ घालवला नसता.

आता चित्राकडे वळू. १७७० साली लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात ते ‘एका तरुण सद्गृहस्थाचे व्यक्तिचित्र’ एवढ्याच नावाने लागले होते. ‘ब्लू बॉय’ हे लोकांनी पुढे ठेवलेले नाव. आपल्याला त्यात नटलेला मुलगा दिसला, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त तेथे थांबू नये. हा पोशाख त्या मुलाचा रोजचा नव्हता आणि १७७० मधील कोणाचाच नव्हता. लेसची रुंद कॉलर, फाकलेल्या बाह्यांतून डोकावणारा पांढरा सदरा, गुडघ्याशी बांधलेल्या फिती, हातात पिसांची टोपी : हा थाट इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या दरबारातला, म्हणजे सुमारे १३० वर्षे जुना. त्या दरबाराचा चित्रकार अँथनी व्हॅन डाइक हा गेन्सबरोचे दैवत होता, आणि व्हॅन डाइकच्या चित्रांतल्यासारखे कपडे घालून सोंगांच्या मेजवान्यांना जाण्याची, तशाच वेषात चित्र काढून घेण्याची तेव्हा हौस होती. असा निळा पोशाख गेन्सबरोच्या स्टुडिओतच ठेवलेला असावा, कारण त्याने आपल्या एडवर्ड गार्डिनर या भाच्यालाही निळ्या व्हॅन डाइक पोशाखात रंगवले आहे. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.

यातून व्यवसायातला एक फायदा कसा साधला गेला, तो पाहा. व्यक्तिचित्रात सर्वांत आधी जुने होतात ते कपडे. पन्नास वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांच्या तैलचित्रात आज आपल्याला आधी सफारी सूट दिसतो आणि मग अध्यक्ष. म्हणूनच गिऱ्हाईक विचारते तेव्हा मी कोट-टायपेक्षा धोतर-उपरणे किंवा साधा पांढरा सदरा सुचवतो. गेन्सबरोने निवडलेला पोशाख चित्र काढले त्याच दिवशी शंभरावर वर्षे जुना होता, त्यामुळे तो आणखी जुना होण्याचा प्रश्नच उरला नाही. १७७० च्या प्रेक्षकाला तो जितका दूरच्या काळातला वाटला, जवळपास तितकाच १९२२ च्या आणि आजच्या प्रेक्षकालाही वाटतो. चेहरा मात्र दूरच्या काळातला नाही. तो समोर उभ्या राहिलेल्या, किंचित अवघडलेल्या आणि ते अवघडलेपण लपवू पाहणाऱ्या खऱ्या मुलाचा आहे. सोंग उसने आणि आतला मुलगा खरा, ही ओढाताण चित्रभर चालू राहते. कमरेवर ठेवलेला हात सरदाराचा आहे. तोंडावर सरदारी अजून आलेली नाही.

हा मुलगा कोण, याविषयी एकमत नाही. परंपरेने तो जोनाथन बट्टल मानला जातो. हा लोखंडी सामानाच्या एका सधन व्यापाऱ्याचा मुलगा. चित्र त्याच्याच मालकीचे होते आणि १७९६ मध्ये दिवाळे निघाल्यावर त्याला ते विकावे लागले. पण बट्टलचा जन्म १७५२ चा, म्हणजे १७७० मध्ये तो सतरा-अठरा वर्षांचा असणार, आणि चित्रातला मुलगा त्याहून लहान दिसतो. म्हणून अलीकडे काही अभ्यासकांनी गेन्सबरोचा भाचा आणि पुढे त्याचा शिष्य झालेला गेन्सबरो ड्यूपाँट याचे नाव पुढे केले आहे. दोहोंपैकी कोणीही असो, तो उमराव नव्हता. पूर्णाकृती, जवळजवळ माणसाच्या उंचीचे चित्र (कॅनव्हास सुमारे १७८ सेंटिमीटर उंच आहे) हा त्या काळी राजेरजवाड्यांचा मान होता, आणि क्षितिजरेषा खाली ठेवून माणूस आभाळावर उभा करणे ही त्यांच्यासाठी राखलेली युक्ती. ती येथे कोणाच्या तरी साध्या मुलासाठी वापरली आहे. म्हणजे आपल्याला दिसलेली श्रीमंती ही त्या मुलाची नसून चित्रकाराने त्याला दिलेली आहे.

याच्या पुष्टीला एक पुरावा आहे, आणि मला तो फार बोलका वाटतो. १९३९ मध्ये क्ष-किरणांनी तपासले तेव्हा याच कॅनव्हासवर, वरच्या भागात, एका प्रौढ पुरुषाचे अर्धवट सोडलेले डोके दिसले. १९९५ च्या तपासणीत मुलाच्या पायाशी एक पांढरा कुत्राही सापडला. तो गेन्सबरोने रंगवला आणि पुन्हा रंगाखाली गाडून तेथे दगड आणले. गेन्सबरो तेव्हा बाथ या श्रीमंतांच्या शहरात जोरात धंदा करत होता. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोणताही व्यावसायिक चित्रकार दुसऱ्याचे डोके पुसून त्याच कापडावर चित्र काढत नाही, आम्हीही काढत नाही. जुने कापड आपण स्वतःच्या हौसेसाठी, काहीतरी करून पाहण्यासाठी घेतो. त्यावरून माझे अनुमान असे की हे काम ठरवून घेतलेल्या मागणीचे नसावे. व्हॅन डाइकशी खेळून पाहण्याची आणि लंडनच्या प्रदर्शनात आपण काय करू शकतो हे दाखवण्याची ती संधी असावी. कुत्रा काढून टाकण्याचा निर्णयही तसाच. उमदे जनावर, तेही पांढरे, पायाशी ठेवले की नजर खाली घसरते आणि चेहऱ्याकडे परत यायला वेळ लागतो. उत्तम रंगवलेला कुत्रा पुसून टाकायला छाती लागते.

याउलट उदाहरण आपल्याकडच्या इतिहासात आहे. त्याच शतकाच्या अखेरीस जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला आणि त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे १७९२ चे प्रसिद्ध चित्र रंगवले; ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. तेथे दागिने, बैठक, कोण कोणाच्या किती जवळ बसले आहे, हे सारे राज्यकारभाराचे विधान होते. अशा चित्राचे मोल आपल्याला फार आहे, पण ते चित्रातील माणसे कोण हे ठाऊक असल्यामुळे. ‘ब्लू बॉय’चे नाव पुसले तरी चित्राचे काही बिघडत नाही, आणि अनोळखी देशातल्या अनोळखी प्रेक्षकाला ते आपलेसे वाटण्याचे हे मोठे कारण आहे.

आता निळ्याकडे येऊ, कारण चित्राचा जीव तेथे आहे. एक दंतकथा आपल्या कानावर येईल : रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष, चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी चित्राच्या मध्यभागी निळा रंग वापरू नये असे सांगितले आणि गेन्सबरोने त्यांचे तोंड बंद करण्यासाठी हे चित्र काढले. रेनॉल्ड्स तसे म्हणाले हे खरे. प्रकाशाचे मोठे भाग उबदार रंगांत, पिवळट-तांबूस ठेवावेत आणि निळा, राखाडी, हिरवा जवळजवळ बाहेर ठेवावा, असे त्यांनी एका व्याख्यानात सांगितले. पण ते व्याख्यान १७७८ चे आहे आणि चित्र १७७० चे. उत्तर प्रश्नाच्या आठ वर्षे आधी येऊ शकत नाही. तथापि दंतकथा तयार झाली यामागे एक खरी अडचण आहे, आणि ती आम्हाला रोज भेटते. निळा हा थंड रंग. तो डोळ्याला मागे सरल्यासारखा भासतो. मधला सगळा देह निळा केला तर माणूस पार्श्वभूमीत बुडतो, आणि त्याच्या शेजारी चेहरा ठेवला तर तो तरी आजारी दिसतो किंवा शेंदूर फासल्यासारखा दिसतो.

गेन्सबरोने ही अडचण कशी सोडवली, ते चित्रासमोर उभे राहून वाचता येते. त्याने पार्श्वभूमी तपकिरी, मातकट, उबदार ठेवली आणि निळ्याला त्या उबेसमोर पुढे आणले. मागच्या ढगाळ आभाळात मळकट निळसर छटा सोडल्या, म्हणजे पोशाखाचा रंग एकटा पडत नाही. आणि मुख्य म्हणजे, हा निळा एकच रंग नाही. जवळ जाऊन डावी बाही पाहिली तर तेथे गडद, जवळजवळ काळपट निळा, हिरवटाकडे झुकणारा निळा, राखाडी, आणि सुरकुतीच्या कडेवर फिक्या, जवळपास पांढऱ्या रंगाचे तुटक फटकारे दिसतात. अधूनमधून खालचा उबदार थर तसाच उघडा सोडलेला आहे. रेशमाची चमक त्या उघड्या सोडलेल्या जागांमुळे येते. नवशिके विद्यार्थी पैठणी किंवा सॅटिन रंगवताना प्रत्येक चुणी घोटतात आणि कापडाचा पत्रा होतो. मग चेहऱ्याभोवती पाहा : पांढरी कॉलर ही निळ्यात आणि त्वचेत घातलेली पाचर आहे. तिच्यामुळे निळा चेहऱ्याला थेट भिडत नाही, आणि गाल व ओठ हीच काय ती चित्रातली ठसठशीत तांबूस जागा उरते. एवढ्या भपकेदार पोशाखावरून नजर पुन्हा पुन्हा तोंडाकडे येते ती यामुळे. गिऱ्हाइकाच्या शालू-शेल्यांनी चेहरा गिळलेली व्यक्तिचित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. येथे कपड्याला चेहऱ्यापुढे जाऊ दिलेले नाही.

यानंतर येते ती गोष्ट मला या चित्रात सर्वाधिक मोलाची वाटते. रेनॉल्ड्स हे गेन्सबरोचे प्रतिस्पर्धी, पण १७८८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की जवळून पाहिले तर त्याच्या चित्रांत विचित्र ओरखडे आणि खुणा दिसतात, आणि ठरावीक अंतरावर गेले की त्याच गोंधळातून जणू जादूने आकार उभा राहतो. गेन्सबरो लांब दांड्यांचे ब्रश वापरत असे, म्हणजे कॅनव्हास आणि मॉडेल या दोघांपासून सारख्याच अंतरावर उभे राहून काम करता येई. याचा परिणाम असा की सॅटिन कॅनव्हासवर पूर्ण केलेले नसते. ते प्रेक्षकाच्या डोळ्यात पूर्ण होते. दोन पावले पुढे गेलात की रंग, दोन पावले मागे आलात की रेशीम. हा फेरा माणूस नकळत करतो, पुन्हा करतो, आणि तेवढा वेळ चित्रासमोर राहतो. पूर्ण घोटलेले चित्र आपल्याला कौतुक करायला लावते आणि सोडून देते. हे चित्र प्रेक्षकाकडून थोडे काम करून घेते.

थोडक्यात, आतापर्यंतचे म्हणणे असे : जुना न होणारा पोशाख, त्याच्या आत खरा मुलगा, मागणीच्या दडपणातून सुटलेला चित्रकार, आणि पाहणाऱ्याला पुढे-मागे करायला लावणारे रंगलेपन. यात भर पडली ती एका रिकाम्या जागेची. मुलगा नेमका कोण आणि मनात काय, हे चित्र सांगत नाही, त्यामुळे प्रत्येक काळाने त्यात आपले काहीतरी घातले. व्हिक्टोरियन काळाला त्यात निरागस बालपण दिसले, १९२२ च्या इंग्लंडला आपले हातचे निघून चाललेले वैभव दिसले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील समलिंगी पुरुषांनी त्या नाजूक, नटलेल्या, न ओशाळणाऱ्या मुलाला आपला मानले. रॉबर्ट राउशनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने तरुणपणी हंटिंग्टनमध्ये हे चित्र पाहिले आणि चित्रे काढणे हेही माणसाचे काम असू शकते हे त्याला तेथे प्रथम उमगले. २०२१ मध्ये केहिंदे वायली या अमेरिकन चित्रकाराने त्याच पोझमध्ये आजचा एक कृष्णवर्णीय तरुण रंगवला आणि संग्रहालयाने ते चित्र ‘ब्लू बॉय’च्या समोरच्या भिंतीवर लावले.

आता परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी. आपल्याला चित्र भिडले नाही, यात आपल्या रसिकतेचा दोष असेलच असे नाही. गर्दीत, लोकांच्या खांद्यांवरून, एकाच अंतरावरून पाहिले असेल तर वर सांगितलेला अर्धा खेळ झालेलाच नाही. छापील प्रतींतून आणि मोबाइलवरून हे चित्र इतक्या वेळा दिसलेले असते की खरे पाहताना नजर ‘ओळखले’ म्हणून पुढे सरकते. चित्राची अवस्थाही महत्त्वाची आहे : वर्षानुवर्षांच्या व्हार्निशचे थर पिवळे-मळकट पडले की निळा हिरवट आणि निर्जीव दिसू लागतो. हंटिंग्टनने २०१८-१९ मध्ये प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत या चित्राचे जतनकार्य केले, जुने व्हार्निश काढले, सुटू लागलेला रंग पक्का केला. त्याआधी आणि त्यानंतर पाहणाऱ्यांचे अनुभव एकसारखे असू शकत नाहीत. शिवाय आवडीनिवडीचा भाग उरतोच. माझे स्वतःचे मत विचाराल तर गेन्सबरोचे सर्वोत्तम काम हे नाही. फुलपाखरामागे धावणाऱ्या आपल्या दोन लहान मुलींचे जे चित्र त्याने अर्धवट सोडले आणि जे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, ते मला अधिक जवळचे वाटते. त्यात पोशाखाचा आधार न घेता तो बोलतो. ‘ब्लू बॉय’मध्ये थोडी हुशारी दाखवण्याची हौस आहे, हे मी नाकारणार नाही.

पुन्हा जाणे झाले तर सकाळी गर्दी होण्यापूर्वी जावे, आधी दालनाच्या मध्यावर उभे राहून डोळे किलकिले करावेत आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे भाग पाहावेत. मग दोरीपर्यंत जाऊन केवळ एक बाही पाहावी, आणि चेहरा शेवटी पाहावा. त्याच संग्रहातील टॉमस लॉरेन्सचे ‘पिंकी’ही पाहून घ्यावे. या दोन चित्रांच्या प्रती वर्षानुवर्षे जोडीने विकल्या गेल्याने ती भावंडे असावीत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते १७९४ चे, वेगळ्या चित्रकाराने काढलेले, जमैकात जन्मलेल्या सारा मोल्टन या मुलीचे चित्र आहे. उन्हात, वाऱ्यावर उभी असलेली ती मुलगी पाहिली की गेन्सबरोने आपला मुलगा किती स्थिर आणि किती गंभीर उभा केला आहे, हे तुलनेने लगेच कळते.

राहिला छापील प्रतीचा प्रश्न. चकचकीत कागदावरची स्वस्त प्रत घेऊ नये. तिच्यात सगळे निळे एकच होतात आणि बाहीवरचे फटकारे नाहीसे होतात, म्हणजे जे पाहण्यासारखे आहे तेच जाते. संग्रहालयाच्या दुकानातील मॅट कागदावरची प्रत चांगली, आणि जतनकार्यानंतरच्या छायाचित्रावरून काढलेली आहे ना, हे विचारून घ्यावे. पूर्ण चित्र लहान आकारात लावण्यापेक्षा डोके, कॉलर आणि बाही एवढ्याच भागाची मोठी प्रत मिळाली तर ती घ्यावी, आणि भिंत निळी किंवा राखाडी असेल तर तेथे लावू नये. मातकट किंवा पिवळसर पांढऱ्या भिंतीवर तो निळा उठून दिसेल.